यादीतल्या मेलेल्या बायका कोणाला मत देतात?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातली वाचकांची पत्रं मी नियमाने वाचते. रस्त्यातले खड्डे, आठवड्यातून एकदा येणारं पाणी, बंद झालेली मुक्कामाची एसटी, गावात राजरोस चाललेली दारू. तक्रारी खऱ्या असतात. शेवटची ओळ मात्र ठरलेली असते : 'संबंधितांनी याची दखल घ्यावी.' मध्यंतरी एका वाचकाने तर हातच टेकले. पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं, त्यापलीकडे सामान्य माणसाच्या हातात काही उरलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्राला हे उत्तर समजावं. साऱ्या देशाचं मला सांगता येणार नाही. दारूच्या एका दुकानाचं सांगते, कारण ते बंद करायला काय काय लागलं ते मी जवळून पाहिलंय.

मी सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका होते. पोरांचा आहार, वजनाची नोंद, गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या, आणि त्यावर कडी म्हणजे बीएलओचं काम. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नाव मोठं, काम दारोदार हिंडून मतदार यादी तपासायचं. हे काम कोणालाच नको असतं. उन्हात फिरा, 'आमचं नाव गेल्या खेपेला का नव्हतं' म्हणून बोलणी खा, आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या मानधनाची वाट बघत बसा. पण त्या कामाने मला एक गोष्ट शिकवली. गावात माणसं किती आणि यादीत माणसं किती, हे दोन आकडे सहसा जुळत नाहीत. सेवेतून मोकळी झाल्यावर मला त्याचा उपयोग झाला.

आमचं देशी दारूचं दुकान आधी फाट्यावर होतं, महामार्गाला लागून. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. हेतू चांगला होता, ट्रकवाल्यांनी पिऊन गाडी चालवू नये. आमच्याकडे त्याचं फळ असं आलं, की फाट्यावरचं दुकान काही महिन्यांत आत, गावात, एसटी थांब्याच्या मागे येऊन उघडलं. पुढे लहान गावांसाठी अंतर कमी केलं गेलं, इतर सवलतीही आल्या, पण आत आलेलं दुकान परत बाहेर गेलं नाही. पूर्वी प्यायला दोन किलोमीटर चालत जावं लागायचं, तेवढ्या अंतरात काही जण तरी विचार बदलून माघारी फिरत. आता शाळेची घंटा व्हायच्या आधी शटर वर, आणि पोरी दप्तर घेऊन त्याच्यासमोरून जायच्या.

बायकांनी आधी जे कोणीही करील तेच केलं. मोर्चा काढला, घोषणा दिल्या, शटरला कुलूप ठोकलं. फोटो छापून आला. चार दिवसांत कुलूप निघालं, कारण दुकान सरकारमान्य होतं. परवाना असलेल्या दुकानाला कुलूप लावलं तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो, हे आम्हाला त्या दिवशी पोलीस पाटलांनी सांगितलं. माणूस भला, म्हणून नुसतं सांगितलं.

महाराष्ट्रात दारूच्या कायद्याचं नाव अजूनही 'दारूबंदी अधिनियम, १९४९' असंच आहे. याच कायद्याखाली देशी दारूची दुकानं, बीअर शॉपी, वाइन शॉप आणि परमिट रूम यांचे परवाने निघतात, आणि सरकारच्या तिजोरीत त्यातून बक्कळ पैसा जातो. तेव्हा सरकार आपणहून दुकान बंद करील अशी आशा मी कधी धरली नाही. पण याच कायद्याखाली २००८ सालची एक अधिसूचना आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, निदान २५ टक्के जणांनी सह्या करून मागणी केली, की जिल्हाधिकारी त्या सह्यांची पडताळणी करायला लावतात आणि मग गुप्त मतदान होतं. शहरात प्रभागासाठीही ही सोय आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आपल्या वाचकांनी 'आडवी बाटली' हे शब्द बातम्यांत पुष्कळदा वाचले असतील. त्यामागचा हिशोब फारसा कोणी वाचलेला नसतो.

हिशोब असा आहे. झालेल्या मतांत आडवी बाटली पुढे असली म्हणून दुकान बंद होत नाही. यादीत जेवढ्या मतदार आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, मतदान फक्त महिलांचं आहे आणि यादीत १,२०० बायका आहेत. मतदानाला ७०० आल्या. त्यातल्या ५८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. शंभरातल्या ८३ झाल्या! तरीही दुकान चालूच, कारण ६०१ हव्या होत्या. ज्या ५०० जणी केंद्रावर फिरकल्याच नाहीत, त्या सगळ्या गुपचूप उभ्या बाटलीच्या खात्यात जमा.

माझ्या माहेरी नेमकं हेच झालं. मोजणी शाळेत चालली होती, बाहेर पेढे आणून ठेवलेले. आडवी बाटली कितीतरी पुढे. मग साहेबांनी वाचून दाखवलं, की आवश्यक मतं न मिळाल्याने दुकान सुरू राहील. बायकांना कळेना आपण जिंकलो की हरलो. रात्री वहिनीचा फोन आला. म्हणाली, 'वन्सं, आमी जास्त हुतो की. मग हरलो कशा?'

मी तिला यादी पाठवायला सांगितली. भाच्याने मोबाइलवर पाठवली. ती वाचताना पहिल्या काही पानांतच मला माझ्या आईचं नाव सापडलं. तिला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. पुढे माझ्या दोन बहिणी, दोघी आपापल्या सासरी नांदणाऱ्या आणि तिथेही मतदार असलेल्या. चुलत घरातल्या दोघी-तिघी मयत. एकीचं नाव दोनदा, एकदा माहेरच्या आडनावाने, एकदा सासरच्या. ज्या बाईने जन्मभर आमच्या वडिलांच्या दारूला तोंड दिलं, ती सरकारी कागदाप्रमाणे दुकान चालू राहावं या बाजूची होती. मला राग आला, हे कबूल करते. पण राग कोणावर काढणार? तिचं नाव वगळा म्हणून अर्ज आमच्या घरातल्या कोणी दिलाच नव्हता.

यादी अशी का राहते ते बीएलओला विचारा. नाव घालायला लोक धावत येतात, कारण त्यात फायदा आहे. नाव काढायला कोणी येत नाही. माणूस गेल्यावर २१ दिवसांत मृत्यूची नोंद करायची असते, पण जमिनीचा वारस लावायचा नसेल, विम्याचे पैसे नसतील, तर बाईच्या मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत जातो कोण? पुरुषाची होते, कारण त्याच्या नावावर सातबारा असतो. नोंद नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून यादीतून नाव वगळण्याचं काम रेंगाळतं. लेकीचं लग्न झालं की ती सासरी नाव घालते, माहेरचं कापायचं राहून जातं. नव्या सुनेचं उलट. तिचं नाव माहेरी असतं, नांदते इथे, दारूचा त्रास इथला, आणि मत तिकडे.

म्हणून आमच्या गावात आम्ही सह्यांपासून सुरुवात केली नाही. यादीपासून केली. बचत गटांच्या बायकांनी गल्ल्या वाटून घेतल्या. प्रत्येकीकडे आपल्या भागाच्या यादीची झेरॉक्स. संध्याकाळी मालिका संपली की घरोघर जायचं आणि नावापुढे खूण करायची : मयत, लग्न होऊन गेलेली, दुबार, बाहेरगावी कायमची राहायला गेलेली, नवी सून. पुढचं काम नमुन्यांचं. नवं नाव घालायला नमुना ६, वगळायला नमुना ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण झालेल्यांचीच नोंद व्हायची. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरतात, त्यामुळे नुकत्याच अठरा झालेल्या पोरींना आता वर्षभर थांबावं लागत नाही. सगळे अर्ज गठ्ठा करून एकीने नेऊन द्यावेत असं आमच्यातल्या उत्साही बायकांना वाटत होतं. तसे घेत नाहीत, आणि न घेणं बरोबरच आहे. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरातल्या कोणीतरी अर्ज द्यावा, हे आम्ही ठरवून घेतलं. एकेका घराला समजावण्यात पावसाळा गेला. सासूचं नाव यादीतून काढायचं म्हणजे काहीतरी अशुभ करतोय असं सुनांना वाटायचं. एका घरी तर मला चहा देऊन सांगितलं, 'बाई, राहू द्या की, कागदावर तरी जित्ती हाय.' त्या घरी मी पुन्हा गेले नाही. ते नाव अजून यादीत असेल.

याच काळात आमच्याच बाजूच्या काही जणींनी एक सूचना आणली. दुकानदाराच्या भावकीतली एक गल्ली आहे. तिथल्या बायका काही आडवी बाटली करणार नाहीत, शिवाय निम्म्या वर्षभर पुण्यात असतात. त्यांच्या नावांवर सात नंबरचे अर्ज टाकून देऊ, कोण विचारायला येतंय? मी नाही म्हटलं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या ३१व्या कलमाप्रमाणे असं खोटं निवेदन देणं गुन्हा आहे, वर्षभर कैद होऊ शकते, हे मी वाचून दाखवलं. पण खरं सांगायचं तर कलम नसतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. त्या बायकांची घरं इथे आहेत, जत्रेला त्या येतात, त्यांच्या म्हाताऱ्या सासवा इथे राहतात. त्यांना दुकान हवं असेल तर हवं. मेलेल्या बाईचं नाव काढणं वेगळं आणि नको असलेल्या बाईचं काढणं वेगळं. दोघी जणी त्यानंतर बैठकीला यायच्या बंद झाल्या. आजकाल मतदार यादीवरून देशभर जी भांडणं चालली आहेत ती वाचताना मला त्या दोघी आठवतात. हा मोह फक्त मोठ्या पुढाऱ्यांनाच होतो असं नाही.

सह्यांचं काम यादीपेक्षा अवघड. मतदान गुप्त असतं, सही गुप्त नसते. कागदावर कोणाकोणाची नावं आहेत ते दुसऱ्या दिवशी दुकानात कळतं आणि रात्री घरात. म्हणून आम्ही तरण्या बायकांकडे आधी गेलोच नाही. विधवा आणि म्हाताऱ्या यांच्याकडे गेलो. दारूने ज्यांचं जायचं ते गेलेलं, त्यांना घरात भ्यायचं कोणाला? त्यांच्या सह्यांनी आणि अंगठ्यांनी पहिले कागद भरले, मग बाकीच्यांना धीर आला. पडताळणीच्या दिवशी ओळखपत्र घेऊन सरकारी माणसांपुढे 'ही सही माझीच' असं सांगायला जावं लागतं. सोयाबीनची काढणी चाललेली, एका दिवसाचा रोज बुडणार. ज्यांच्या रानात त्या कामाला होत्या, त्यातल्या काही शेतकऱ्यांनी अर्धा दिवस भरून दिला. त्यांची नावं लिहिता येत नाहीत याचं वाईट वाटतं.

ग्रामसभेचंही असंच. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे कायद्यात लिहिलेलं आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरवरच होते, सह्या घरोघर फिरवून. आम्ही ती खरोखर भरवा म्हणून आग्रह धरला आणि ठराव लिहून घेतला. ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. म्हणजे मोठ्या गावातही शंभर माणसं आली तरी सभा होते. शंभर माणसं बारशाला येतात.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी गावात दोन ट्रॅव्हल्स येऊन उभ्या राहिल्या. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर. जेवणखाण फुकट, फक्त महिलांसाठी, पहाटे पाचला निघणार. पैसे कोणी भरले हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी तेव्हा मनातल्या मनात त्या माणसाच्या डोक्याला दाद दिली. नियमच असा, की त्याला एकही मत विकत घ्यावं लागत नव्हतं. बाई दिवसभर गावाबाहेर राहिली की झालं. काही जणी गेल्याही. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यातल्या एकीने उभ्या आयुष्यात तालुक्यापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं, तिला देवदर्शन कोण घडवणार होतं? पण गाडीत बसलेली एक म्हातारी रात्रीच खाली उतरली. म्हणाली, 'इठोबा कुटं पळून चाललाय व्हय? उद्याच्याला जाऊ.' तिच्यामागून आणखी काही उतरल्या.

शाळेत मतदान झालं. त्याआधीचे आठ दिवस आम्ही नुसतं चित्र शिकवत होतो. पाटीवर खडूने दोन बाटल्या काढायच्या आणि विचारायचं, बंद करायचं तर कुठली? 'उभी' असं उत्तर देणाऱ्या कितीतरी निघाल्या. त्यांच्या मते आपण दारूविरुद्ध उभ्या राहिलो आहोत, म्हणून उभी! चूक त्यांची नव्हती. आडवी म्हणजे पडलेली, पडलेली म्हणजे संपलेली, असं घोकून घेतलं. पाय मोडलेल्या एका आजीला नातवाने पाठीवर आणलं. दुपारनंतर आम्ही यादी घेऊन बसलो आणि न आलेल्यांच्या घरी माणूस धाडत राहिलो, जसं निवडणुकीत उमेदवाराची पोरं करतात.

दुकान बंद झालं. फरक किती होता तो आकडा लिहीत नाही, त्यावरून गाव ओळखू येईल. एवढं सांगते, की यादीतून कमी झालेल्या मयत आणि दुबार नावांच्या मानाने तो फरक थोडका होता. यादी तशीच ठेवली असती तर माझ्या वहिनीचा प्रश्न आमच्या गावात मलाच पडला असता.

आता कोणी विचारील, गाव दारूमुक्त झालं का? नाही झालं. ज्यांना प्यायची ते मोटारसायकल काढून शेजारच्या गावाला जातात. एका टपरीत मध्यंतरी चोरून विक्री सुरू झाली. त्यासाठी पोलिसांत तक्रार दिली, दारूबंदी कायद्याच्या ६५ (ई) खाली गुन्हा नोंदवला गेला, टपरी बंद झाली, काही दिवसांनी दुसऱ्या टोकाला उघडली. याच कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने गावाला चोरट्या दारूवर नजर ठेवायला ग्रामरक्षक दल नेमता येतं, त्याचा ठराव आम्ही केला, पण दलातली निम्मी पोरं कामाला चाकणला गेली. हे असं चालायचंच. पण रोजच्या मजुरीतला घरी पोचणारा पैसा वाढलाय, हे बचत गटाच्या हप्त्यांवरून मला दिसतं, आणि एसटी थांब्यावर पोरी एकट्या उभ्या राहतात. माझ्या लेखी हे पुष्कळ आहे. दुकानात काम करणाऱ्या दोघांचा रोजगार गेला, हेही खरं. त्यातला एक आता ट्रॅक्टर चालवतो. दुसरा माझ्याशी बोलत नाही.

वरून आलेल्या बंदीचं मला फार कौतुक नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती अजून टिकून आहे. पण चंद्रपूरच्या बायका २०१० साली चिमूरहून थेट नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या, १ एप्रिल २०१५ पासून त्यांच्या जिल्ह्यात बंदी आली, आणि २०२१ साली मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठलीसुद्धा. बंदी उठवताना चालत गेलेल्या बायकांना कोणी विचारलं नाही. म्हणून मला बाटलीचं मतदान आवडतं. त्यात विचारलं जातं.

मात्र विचारायची पद्धत सुधारली पाहिजे, आणि हे पत्र लिहिण्याचं कारण तेच आहे. सरपंच, आमदार, खासदार यांपैकी कोणालाही यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांची मतं मिळवावी लागत नाहीत. झालेल्या मतांत इतरांपेक्षा एक जास्त पडलं की गुलाल. चौरंगी लढतीत तिसऱ्या हिश्शाच्या मतांवर आमदार झालेले आपण पाहतोच. मग देशी दारूच्या दुकानाला आमदारापेक्षा भक्कम संरक्षण कशासाठी? झालेल्या मतांचं बहुमत धरा, हवं तर किमान मतदानाची एक अट घाला. आणि मतदान जाहीर करण्याआधी त्या गावची यादी घरोघर जाऊन ताजी करायची सक्ती सरकारी यंत्रणेवर घाला. ते काम आम्ही केलं, कारण आमच्यात एक माजी बीएलओ होती. प्रत्येक गावात अशी रिकामी बाई कुठून मिळणार?

ज्या वाचकाने 'आपल्या हातात काय' असं विचारलं होतं, त्यांचं गाव किंवा शहर मला माहीत नाही, त्यांचा प्रश्न दारूचा नसेलही. पण कुठलाही प्रश्न असो, आधी त्याचा कागद बघा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, नाही आलं तर अपील. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द असा नियम आहे. तो नियम या पत्राला लावला असता तर पहिल्याच पानावर मी बाद झाले असते. अर्जही नको असेल तर २०१८ च्या सरकारी आदेशाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिका-नगरपालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जाऊन कागदपत्रं नुसती बघता येतात. आमच्या दुकानाच्या परवान्याचा आणि शाळेपासूनच्या अंतराचा नकाशा आम्ही असाच कागदावर पाहिला. एका कार्यालयातल्या बाबूने आधी 'असा काही नियम नाही' म्हणून सांगितलं. आदेशाची प्रत दाखवल्यावर खुर्ची दिली. तेव्हापासून माझ्या पिशवीत ती प्रत असतेच.

आपल्याला एक विनंती आहे. निवडणुका आल्या की आपण उमेदवारांची रंगीत पानं छापता. निवडणुका नसतानाच्या एखाद्या रविवारी नमुना ६, ७ आणि ८ कसे भरायचे, सोबत काय जोडायचं, बीएलओ कुठे भेटतात, एवढं मोठ्या अक्षरांत छापा. बायका ते कापून कपाटाच्या दाराला चिकटवतील. जागा कमी पडत असेल तर माझं हे पत्र निम्मं कापलं तरी माझी हरकत नाही. यादीचा भाग तेवढा ठेवा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
जिल्हा सातारा

(कृपया नाव आणि गाव प्रसिद्ध करू नये. टपरी अजून चालू आहे.)